रांजणाखालची बाटली

२३ फेब्रुवारी

आंगणवाडीचे रजिस्टर मी तीस वर्षं शुद्ध भाषेत लिहिले, कारण सुपरवायझर मॅडम तपासत. ही डायरी कोणी तपासत नाही, म्हणून हिच्यात मी बोलते तशीच लिहिणार.

आज नयनले, माह्या पोराले, नागपूरच्या दवाखान्यातून घरी आणलं. निघताना डॉक्टरीणबाईनं मले बाजूले घेतलं. म्हणे, आता इंजेक्शनं बंद, मशीनखाली किरणांची लाईट देणंही बंद. दुखण्याच्या गोळ्या वेळेवर द्या अन् त्याले जे करावंसं वाटते ते करू द्या. मी विचारलं, पुन्हा कधी आणू? तर म्हणे, गरज वाटली तर फोन करा, इतक्या दूर त्याचे हाल करू नका. आतापर्यंत दर पंधरवड्याले बोलवत होत्या, आता बोलवत नाहीत, म्हणजे काहीतरी आराम पडला असंनच ना. शेजारच्या तानाबाईले हे सांगतलं. तिनं माझ्या हातातल्या पिशव्या घेतल्या अन् आमच्याच चुलीवर चहा मांडला.

त्याची अर्धी जीभ अन् डाव्या जबड्याचं हाड मागच्या साली काढलं. त्याचं बोलणं बाहेरच्याले समजत नाही, मले समजते. लेकरू पहिल्यांदा बोलायले लागते तेव्हा त्याच्या आईलेच तेवढं समजते, तसं झालं आहे. चाळीशीले आलेलं लेकरू.

घरात पाय ठेवला, भिंतीले धरून उभा राह्यला अन् पहिला शब्द काय, तर "बाटली?"

मी म्हटलं, "आहे जागेवर. तुह्या बाटलीले काय धाड भरली?"

मग झोपला.

२६ फेब्रुवारी

बाटलीचं आज लिहून ठेवते, कारण माझ्या घरात दारूची बाटली आहे हे बाभुळगावात कोणाले सांगतलं तर लोक माझ्या तोंडावर हसतीन. नाल्याकाठच्या मोहाच्या भट्ट्या आम्ही बायांनी काठ्यांनी फोडल्या, तेव्हा सगळ्यात पुढं मी होती. रोज सकाळी वंदनेत पाचवं शील घेते, नशेच्या वस्तूपासून दूर राहीन म्हणून, अन् ते मी नुसतं तोंडानं म्हणत नाही. अन् माह्या पोटचा पोरगा नाशिकले द्राक्षाच्या वाईनच्या कारखान्यात चाखणारा. नोकरी लागली तेव्हा महिनाभर त्याच्याशी बोलली नाही मी. तो फोन करून म्हणे, "माय, मी पीत नाही. तोंडात घेतो अन् थुंकतो." मी म्हटलं, "थुंकायचा पगार देतात का?" म्हणे, "हो."

त्या कारखान्यात फ्रान्सचा एक म्हातारा शिकवायले येत असे. त्याच्या बापाचा द्राक्षाचा मळा. मेर्लो नावाची काळी द्राक्षं असतात, तीच जास्त घालून अन् दुसरी थोडी मिसळून ते वाईन करत. नयनची जीभ पाहून म्हातारा इतका खूश झाला की जाताना त्यानं एक बाटली त्याच्या हातावर ठेवली. वर २००० साल छापलं आहे. म्हणे, ही पंचवीस वर्षांची होईन तेव्हा उघड, त्याच्या आधी हात लावू नको. नयन ती बाटली टॉवेलात गुंडाळून एसटीनं घरी घेऊन आला.

मी म्हटलं, "नाशिकले ठेव ना. माझ्या घरात कायले आणतं?"

तर म्हणे, "तिथं कोणीतरी पिऊन टाकंन. आपल्या घरापेक्षा सुरक्षित जागा साऱ्या महाराष्ट्रात नाही, माय." मले हसू आलं, अन् तिथंच मी फसली.

त्याले गार अन् अंधारी जागा पाहिजे होती, बाटली आडवी राह्यली पाहिजे, कोणी हलवली नाही पाहिजे. आमच्या घरात अशी एकच जागा. मागच्या खोलीत रांजण आहे, त्याच्याखाली ओली रेती. रांजण पाझरते अन् रेती ओलीच राह्यते, भर मे महिन्यात तिथं हात घातला तर जिवाले बरं वाटते. माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून तिथं पुरली. पुरताना मी तिले सांगतलं, तू पाहुणी आहे, पाहुण्यासारखी राह्य.

यंदा तिले पंचवीस झाले. अन् नेमक्या याच साली याच्या तोंडाले चव नाही. यवतमाळच्या कॉलेजात असताना खर्रा धरला होता, तंबाखू-सुपारीचा. नाशिकले गेला अन् सोडला, जिभेवर पोट होतं ना त्याचं. यानं त्याले सोडलं, पण त्यानं याले सोडलं नाही. मले कोणाचा राग करावा तेच समजत नाही, म्हणून मी पानठेल्यावाल्याचा राग करते. त्याच्या ठेल्यापुढून जाताना तोंड फिरवून घेते. तो बिचारा नमस्कार करते.

९ मार्च

आज त्याले बरं होतं. नळीतून मुगाच्या डाळीचं पाणी घातलं, बाहेर आलं नाही. मग उशीले टेकून बसला अन् मी त्याले विचारलं, "ती बाटली रेतीत नुसती पडून असते, तर तिच्यात होते तरी काय?"

दोन शब्द बोलते अन् थांबते तो, लाळ नसते तोंडात, पाण्यानं ओठ ओले करावे लागतात. बाकीचं मी जोडून घेते. पण डोळे कसे झाले होते त्याचे. नोकरीवरून दिवाळीले यायचा तेव्हा असेच राहत.

तो म्हणे, नवी वाईन जांभळाच्या रसासारखी राह्यते. रंग तसाच, अन् जीभही तशीच आवळून धरते, अर्धं कच्चं जांभूळ खाल्ल्यावर धरते तशी. ते जे आवळणारं असते ते बाटलीत वर्षानुवर्षं एकमेकाले चिकटत जाते, जड होते, अन् तळाले जाऊन बसते. गाळ म्हणतात तो तोच. वर राह्यते ते मऊ. मेर्लो तशीही स्वभावानं मऊच, पण मळा चांगला असला तर वीस-तीस वर्षं दम धरते. जांभळा रंग आधी गर्द लाल होते, मग काठाले विटेसारखा. पेला तिरपा करून त्याचा काठ पाह्यला की वय समजते. वासही बदलते. आधी ताज्या फळाचा, मग सुकलेल्या फळाचा, मग आवारात पडून कुजलेल्या पानांचा, ओल्या मातीचा, तंबाखूच्या कोरड्या पानाचा.

मी म्हटलं, "तंबाखूचं नाव नको घेऊ माझ्यासमोर."

तो हसला. उजवीकडून हसला.

मी विचारलं, म्हणजे जितकी ठेवू तितकी चांगलीच होत जाते ना? त्यानं मान हलवली. आधी चढते, मग काही वर्षं सपाटीवर चालते, अन् मग उतरते. उतरायले केव्हा लागली ते बाहेरून कोणालेच दिसत नाही. पाहायचं तर उघडावं लागते, अन् उघडली की तिचं झालं.

मले नागपूरच्या नर्सनं सांगतलं होतं की काही काही पेशंटची चव वर्षा-दीड वर्षानं परत येते. मी म्हटलं, "मग आपण घाई कायले करायची? पंचवीस झाले म्हणजे लगेच उतरत नाही. दिवाळीपर्यंत थांबू. तोवर तुह्या तोंडाले चव येईन, अन् तू स्वतःच पाह्य."

तो बराच वेळ माझ्याकडं पाहत राह्यला. मग म्हणे, "थांबू."

लहानपणापासून असाच आहे तो. एकदा समजावून सांगतलं की ऐकते.

२ एप्रिल

उन्हाळ्याची कामं निघाली. तानाबाईनं तिच्या स्लॅबवर धापोडे, ज्वारीचे पापड, घातले. मी तुरीची डाळ, मिरच्या, हळद, गाद्या सगळं वर नेलं. साठवणीच्या वस्तूले वर्षातून एकदा कडक ऊन दाखवलं की कीड लागत नाही अन् बुरशी धरत नाही, हे माझ्या आईनं मले शिकवलं. बाटलीलेही मी दर उन्हाळ्यात चार दिवस ऊन दाखवते. साल साल ओल्या रेतीत राहणारी वस्तू, तिच्या बुचाले बुरशी नाही येणार का? नयनले उन्हाळ्यात कधी सुट्टी नसे, म्हणून त्यानं हे कधी पाह्यलं नव्हतं.

आज त्याले काय वाटलं कोण जाणे, हवा खायले म्हणून एकटाच जिना चढून वर आला. मी मिरच्या पसरत होती. त्याच्या तोंडातून असा आवाज निघाला की तानाबाई तिकडून उभी राहून पाहायले लागली. मले वाटलं पडला. पडला नव्हता. मिरच्या अन् डाळीच्या मधात मी बाटली टॉवेलावर ठेवली होती, तिच्याकडं तो चालत होता. दोन्ही हातांनी उचलली, पोटाशी धरली अन् पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन बसला. हात भाजला असंन त्याचा, काच तापली होती.

म्हणे, "दर वर्षी?"

मी म्हटलं, "दर वर्षी. एक साल चुकवलं नाही. तुही ठेव आहे, मी हयगय करीन का?"

त्यानं मान खाली घातली. खांदे हलत होते. हसत होता की रडत होता ते मले समजलं नाही, त्याचा अर्धा चेहरा आता हलत नाही, त्यामुळं वाचता येत नाही. मी जवळ जाऊन बसली तर त्यानं माझ्या पदरानं स्वतःचं तोंड पुसलं.

"बरं केलं, माय," तो म्हणे. "आता पुरे. आता रेतीतच राहू दे."

मी म्हटलं, अजून तीन दिवस बाकी आहेत. तो नको म्हणे. बरं बाप्पा, म्हटलं, तुही वस्तू.

तेवढ्यानंही मले बरं वाटलं. इतकी वर्षं सांभाळली, कोणी बरं केलं म्हणायले पाहिजे ना. पण तेव्हापासून तो भिंतीकडं तोंड करून पडला आहे. जिना चढायले नाही पाहिजे होतं त्यानं.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली. नयनले पांढरा शर्ट घालून दारात खुर्चीवर बसवला. पोरं येऊन त्याले जय भीम करून गेले, तो हात वर करत होता. वस्तीतल्या एकानं त्याच्या हातात पेढा ठेवला, याले तोंडानं खाता येत नाही हे त्याले काय माहीत. नयननं तो मुठीत धरून ठेवला. मिरवणूक गेल्यावर मी मूठ उघडली तर सगळा वितळला होता. मी त्याचा हात धुतला. पेढा देणाऱ्याचा राग आला मले, अन् तो काही रागवण्यासारखा माणूस नाही.

२० एप्रिल

नाशिकहून प्रफुल्ल आला. नयनच्याच कारखान्यातला, त्याच्याच हाताखाली चाखायले शिकला. पातळ काचेचे मोठ्या पोटाचे दोन पेले घेऊन आला, अन् बूच काढायचा स्क्रू. मी त्याले ज्वारीची भाकर अन् वांग्याची भाजी केली. खाताना तो नयनकडं पाहत नव्हता.

मी त्याले बाटली काढून दाखवली. त्यानं वरच्या टोपीवरून अंगठा फिरवला, मग बोट नाकाशी नेलं. बूच थोडं वर आलं होतं अन् टोपीखाली चिकट चिकट थेंब वाळला होता. त्यानं नयनकडं पाह्यलं. नयननं नाही म्हणून मान हलवली.

मी विचारलं, "काहून? काय झालं?"

"काही नाही काकू, जुन्या बाटलीला होतं असं," प्रफुल्ल म्हणाला.

मग बोलता बोलता तो एका गोदामाचं सांगायले लागला. एका मे महिन्यात तिथलं गार करायचं मशीन बंद पडलं अन् कोणाच्या लक्षातच आलं नाही. बाटल्या जशाच्या तशा होत्या, लेबलं नवीकोरी, अन् आतली वाईन सगळी शिजलेली. मेलेलीच म्हणायची ती, काकू, म्हणे, पुन्हा कितीही वर्षं ठेवा. एवढ्यात नयननं पलंगावर हात आपटला. मले त्या गोदामवाल्यांची कीव आली. मी म्हटलं, आमची बाटली बारमाही रांजणाखाली, आमच्याकडं मशीन बंद पडायची भीती नाही. प्रफुल्लनं पाणी मागितलं.

मी पाणी आणायले आत गेली तर मागून त्याचं बोलणं ऐकू आलं. "माझ्या ओळखीचा एक जण आहे. हीच, याच सालची मिळेल. मी घेऊन येतो, काकूंना कळणार नाही." नयन म्हणाला, "नाही. हीच."

मले काय कळणार नाही ते मले खरंच कळलं नाही. एक असताना दुसरी कायले पाहिजे? जिवाभावाचे मित्र आहेत, त्यांचं त्यांच्यात राहू द्यावं म्हणून मी विचारलं नाही.

बसस्टँडवर पोचवायले गेली तर प्रफुल्ल माझ्या पाया पडला अन् उठेचना. एवढा बाप्या माणूस, चारचौघांत रडला. मी त्याले म्हटलं, अरे, दिवाळीत उघडू आपण, तू ये तेव्हा. त्यानं हो म्हटलं.

२९ एप्रिल

सकाळी तोंडातून रक्त आलं. थांबेना. एक टॉवेल भरला, मग दुसरा. मी डॉक्टरीणबाईले फोन लावला. त्या म्हणे, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा, गोळी वाढवा, गडद रंगाचा टॉवेल वापरा म्हणजे त्याले भीती वाटणार नाही. मी म्हटलं, ते ठीक आहे, पण करू काय ते सांगा. म्हणे, जवळ बसा.

मी फोनवर चिडली. जवळ बसणं हा काही इलाज झाला का? तीस वर्षं मी लोकांच्या लेकरांचं वजन केलं, खिचडी चारली, पळून जाणाऱ्यांना धरून डोस पाजले. अशक्त लेकरू दिसलं की काय करायचं ते मले झोपेतही सांगता येत होतं. अन् माझ्या लेकरापाशी मी नुसती बसून राहू? त्या बाईनं माझं सगळं ऐकून घेतलं अन् पुन्हा तेच म्हणाली.

दुपारी रक्त थांबलं. मी त्याचे हात पुसत होती तर म्हणे, "माय, उघडू."

मी म्हटलं, "दिवाळीले."

म्हणे, "दिवाळी नाही."

"काहून नाही? चव आली तर? इतकी वर्षं थांबली अन् सहा महिने नाही थांबणार का ती?"

तो माझ्याकडं पाहायचा तसा पाहत राह्यला, मार्च महिन्यात पाहत होता तसा. मी उठून गेली अन् घासलेली भांडी पुन्हा घासली. तानाबाई भिंतीपलीकडून म्हणे, "बाई, पोरगं म्हन्ते ते आयकत जाय वं." मी तिले म्हटलं, तू तुहे धापोडे पाह्य. नंतर वाईट वाटलं. पण सॉरी म्हणायले गेली नाही.

६ मे

आज त्याले उचलून बसवलं. एकटीनं. लेकरं वजनकाट्याच्या झोळीत घालून घालून माझ्या हाताले वजन समजते. ते इथं लिहीत नाही.

१२ मे

बुद्ध पौर्णिमा. तानाबाईले नयनपाशी बसवून मी विहारात गेली. सगळ्यांसोबत शीलं घेतली. खीर वाटली, मी डब्यात आणली अन् घरी आल्यावर लक्षात आलं की ती खाणार कोण. तानाबाईच्या घरी पाठवली.

नयन जागा होता. कपाळावर हात ठेवला तर त्यानं तो धरून ठेवला. म्हणे, "उद्या."

मले समजलं. तरी मी विचारलं, काय उद्या?

"बाटली रेतीतून काढ. उभी कर. गाळ बसू दे. उद्या सकाळी उघडू. सकाळी जीभ कोरी असते."

मी म्हटलं, "तुह्या तोंडाले चव नाही, बेटा. उघडून करशील काय?"

"तू चाख. मले सांग."

मी आजच, आत्ताच शील घेऊन आलेली बाई. त्याले म्हटलं, प्रफुल्लले बोलवू, रात्रीच्या गाडीत बसंन तर सकाळी येईन, तो शिकलेला आहे, मले काय समजते त्यातलं? तर म्हणे, "प्रफुल्ल खोटं सांगंन. तू खोटं बोलत नाही."

हे खरं आहे. माझ्या खरं बोलण्यानं अर्धा गाव माझ्यावर नाराज आहे.

मी म्हटलं, "मले पाप लागंन."

"थुंकून टाक. मी थुंकतच होतो."

मी मागच्या खोलीत गेली. रेती बाजूले करून बाटली काढली, लुगडं सोडलं, अन् ओट्यावर उभी करून ठेवली. भगवंताच्या फोटोसमोर उभी राह्यली, पण काय मागावं ते सुचलं नाही. त्याले चांगली निघाली पाहिजे, एवढंच माझ्या मनात होतं. एवढी एक गोष्ट तरी चांगली निघाली पाहिजे.

१३ मे

सकाळी मी त्याले स्पंज केलं, धुतलेला सदरा घातला. खिडकीपाशी पलंग ओढला, त्याले उजेड पाहिजे होता. प्रफुल्लचा पेला धुवून पुसून घेतला. थुंकायले स्टीलची वाटी ठेवली.

स्क्रू कसा फिरवायचा ते तो बोटानं दाखवत होता. बूच अर्धं आलं अन् तुटलं, काळं पडलं होतं, भुगा झाला त्याचा. राह्यलेलं मी चिमट्यानं काढलं. मग बाटली हळूहळू तिरपी केली, तळाचा गाळ हलू न देता, थोडीशीच पेल्यात घेतली. मले वाटलं होतं लाल असंन. काढ्यासारखी तपकिरी निघाली.

त्यानं पेला हातात घेतला. खालून मी धरला. खिडकीच्या उजेडाकडं करून तिरपा केला अन् काठ पाहत राह्यला. किती वेळ पाहत होता.

मी विचारलं, "रंग बरोबर आहे का रे?"

"बरोबर आहे," तो म्हणे. अन् पेला माझ्याकडं सरकवला.

मी तोंडात घेतली. त्यानं सांगतलं होतं तशी जिभेवर फिरवली. गूळ करपला की कढईच्या बुडाले जे चिकटून राह्यते, त्यात चिंच कोळली तर कसं लागंन, तसं लागलं. शिजलेलं. प्रफुल्लचं ते गोदाम आठवलं, अन् त्याच्यापुढचं मी आठवू दिलं नाही. मनात असंही आलं की चांगली कशी लागते हे मले कुठं माहीत आहे, दारूच ती, अशीच लागत असंन. पण नाही. मी उभा जन्म स्वयंपाक केला, बिघडलेलं मले समजते.

तो माझ्या तोंडाकडं पाहत होता. डोळे कसे लावून पाहत होता.

वाटी हाताशीच होती. थुंकली असती तर त्याले समजलं असतं. मी गिळली.

"जांभळं," मी म्हटलं. "सुकलेली जांभळं."

"मग?"

"ओली माती. आवारात पानं कुजतात ना, तसा वास येते."

"जीभ आवळते?"

"नाही. मऊ आहे एकदम."

"तंबाखू?"

"थोडा. कोरड्या पानाचा."

त्यानं मार्च महिन्यात जे जे सांगतलं होतं तेच मी त्याले परत देत होती. आंगणवाडीतली लेकरं कविता म्हणतात तशी, एका दमात. त्याले ओळखू आलं नाही. उजवीकडून हसला अन् म्हणे, "लवकर जमलं तुले, माय. मले चार वर्षं लागली."

मले हायसं वाटलं. अन् आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी खोटं बोलली त्याची लाजही वाटली. पण फसला तो, त्याच्या जिवाले समाधान झालं. म्हणे, किती छान सांभाळली तू. दोनदा म्हणाला.

मग त्यानं माझा हात धरला. थांबत थांबत सांगतलं, चांगल्या वाईनची एक खूण असते. गिळल्यावर तिची चव तोंडात किती वेळ राह्यते ते पाहायचं. साधी लगेच जाते. चांगली जात नाही.

"राह्यली का?" त्यानं विचारलं.

"राह्यली," मी म्हटलं. हे तरी खरं होतं. ते करपट पाणी जिभेच्या मुळाशी बसलं होतं.

त्यानं डोळे मिटले. मी वारा घालत बसली. पलीकडं तानाबाई स्लॅबवर कुरडया उलटवत होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या. थोड्या वेळानं तो म्हणे, "आहे अजून?"

"आहे."

पुन्हा बराच वेळ गेला. मले वाटलं झोपला. मी पेला बाजूले ठेवायले हलली तर बोटं घट्ट केली त्यानं.

"माय, आहे?"

"आहे रे बेटा. जात नाही."

त्यानंतर त्यानं विचारलं नाही. आता दुपार होऊन राह्यली. गोळी द्यायची वेळ झाली, पण उठवावंसं वाटत नाही. श्वास चालू आहे, मी पाहून राह्यली. माझा डावा हात त्याच्या हातात आहे, म्हणून डायरी मांडीवर घेऊन उजव्यानं लिहिते.